प्रेक्षकाचा वियोग : वालेस्का गेर्ट यांचा परदेशवास



मूकपटाविषयी आपल्या मनात एक समजूत रुजलेली आहे की, ज्या कलेला शब्दच नव्हते तिला देशाच्या सीमाही नव्हत्या. बर्लिनच्या चित्रशाळेत उमटलेले स्मित मुंबईच्या पडद्यावर तितक्याच सहजतेने वाचता येत असे, आणि कोल्हापुरात चितारलेला शोक, संधी मिळती तर, पॅरिसच्या प्रेक्षकालाही कळला असता. ही समजूत अगदीच निराधार नाही. पण ती खरी मानली की एक प्रश्न समोर येतो, आणि आजच्या व्याख्यानाचा सगळा भर त्या प्रश्नावरच आहे. परागंदा झालेल्या कवीचे वाचक मागे राहिले, नाटकातील नटाची भाषा मागे राहिली, वकिलाची सनद परक्या मुलखात निरुपयोगी ठरली, हे आपल्याला चटकन समजते. परंतु जिने तोंडातून अवाक्षर न काढता कीर्ती मिळविली, जिचे सर्व भांडवल तिच्या चेहऱ्यात आणि अवयवांत होते आणि ते भांडवल कोणत्याही सरकारला जप्त करता येण्यासारखे नव्हते, अशा नटीचे देशाबाहेर पडताना नेमके काय हरवले?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी वालेस्का गेर्ट या जर्मन नर्तकीची आणि मूकपटातील अभिनेत्रीची हकीकत आपल्यापुढे मांडणार आहे. मार्लेन डीट्रिख किंवा एलिझाबेथ बेर्गनर यांच्याइतके हे नाव आपल्याकडे परिचित नाही. आणि ज्यांनी ते ऐकले आहे त्यांनीही बहुधा दुसऱ्याच एखाद्या तारकेच्या चरित्रात, तळटीपेच्या रूपानेच ऐकले असेल. मला मात्र असे प्रामाणिकपणे वाटते की, परदेशवास म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर यशस्वी झालेल्या तारकांपेक्षा या बाईंचे आयुष्य अधिक शिकविणारे आहे.

गेर्टबाईंचा जन्म 11 जानेवारी 1892 रोजी बर्लिन शहरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव सामोश. लहानपणापासून नृत्याची ओढ, पुढे रीटा साकेटो यांच्याकडे नृत्याचे आणि मारिया मोइस्सी यांच्याकडे अभिनयाचे शिक्षण, आणि पहिल्या महायुद्धाने वडिलांच्या व्यवहाराची घडी विस्कटून टाकल्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची निकड, अशा क्रमाने त्या 1916 मध्ये रंगमंचावर आल्या. त्या काळच्या रूढ अर्थाने त्या सुंदर नव्हत्या. रुंद कपाळ, काळेभोर केस, लवचिक आणि मोठे तोंड, क्षणात लहान मुलीचा तर क्षणात जरठ कुंटिणीचा भाव धारण करणारे डोळे असा तो चेहरा होता. आणि त्या चेहऱ्याने त्यांनी जे करायचे ठरविले ते त्यांच्या समकालीन नर्तकींनी टाळलेलेच होते. इतर नर्तकी फुले, पऱ्या, ग्रीक देवता आणि वसंतऋतू नाचत होत्या. गेर्टबाईंनी बर्लिनचा रस्ता नाचायला घेतला. शहरातली वाहनांची गर्दी, मुष्टियुद्ध, सर्कस, तान्हे मूल, कुंटीण आणि गणिका हे त्यांच्या नृत्यांचे विषय. 'कानाय' नावाच्या नृत्यात त्यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या व्यवसायातील सर्व अवस्था, शरीरसंबंधाचा परमोच्च क्षण आणि त्यानंतरचा रितेपणा यांच्यासह, उघड्या रंगमंचावर आणल्या, तेव्हा सभ्य प्रेक्षकांमध्ये किती खळबळ उडाली असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

त्यांच्या दोन नृत्यांचे मात्र थोडे जवळून दर्शन घेतले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली मला त्यांत दिसते. पहिले नृत्य चित्रपटगृहातले. त्या काळी एक रीळ संपून दुसरे चढविले जाईपर्यंतच्या खंडात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नर्तक-गायकांना उभे करण्याची वहिवाट होती. अशाच एका विश्रांतीत गेर्टबाई पडद्यापुढे आल्या आणि काहीही न करता स्तब्ध उभ्या राहिल्या; त्या नृत्याचे नावही त्यांनी 'विश्रांती' असेच ठेवले होते. दुसरे नृत्य 'मृत्यू'. प्रखर उजेडातला रिकामा रंगमंच, संगीत नाही, नेपथ्य नाही, आणि लांब काळ्या झग्यातली एक स्त्री. आधी ती अगदी निश्चल असते. मग शरीर हळूहळू ताठ होऊ लागते, बोटे मिटून मुठी वळतात, खांदे वर चढतात, चेहरा वेदनेने पिळवटतो, मान मागे कलते आणि तोंड उघडून एक आवाज नसलेली किंकाळी फुटते. त्या परमावधीवर सारे थबकते, आणि मग जशी वेदना चढली तशीच ती अवयवा-अवयवांतून उतरत जाते, मूठ सुटते, हात खाली येतो, आणि शेवटी मानेला डोके पेलवेनासे होते. बस्स, इतकेच. प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत एक माणूस मरते, आणि त्याला कारण, कथा किंवा सांत्वन यांपैकी काहीच दिले जात नाही.

आता या दोन्ही नृत्यांत एक गोष्ट समान आहे. ती प्रेक्षकावाचून अर्धीदेखील राहत नाहीत. विश्रांतीच्या वेळी स्तब्ध उभी राहिलेली स्त्री ही कला ठरते ती समोरच्या खुर्च्यांतली चुळबुळ, हशा, संताप आणि अखेरचे अवघडलेपण यांच्यामुळे. गेर्टबाईंची कला आरशाच्या जातीची होती; समोर कोणी उभे नसले तर आरशात काय दिसणार?

चित्रपटाने त्यांना मुख्य भूमिका कधीच दिल्या नाहीत. 1925 मधल्या हान्स नॉयमान यांच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये त्या पक झाल्या, 1926 मध्ये फ्रान्सच्या झाँ रन्वार यांनी त्यांना 'नाना'मध्ये दासीची भूमिका दिली, आणि बाकीच्या भूमिकाही मोलकरणी, खानावळीतल्या वाढपिणी, कुंटिणी अशाच होत्या. पण गेओर्ग व्हिल्हेल्म पाब्स्ट या दिग्दर्शकाने त्यांचे मोल बरोबर ओळखले होते. त्याने आपल्या तीन चित्रपटांत त्यांना घेतले, आणि त्या तिन्ही भूमिका जर्मन चित्रपटाच्या इतिहासात टिकून राहिल्या.

त्यांतला पहिला 1925 चा 'डी फ्रॉयडलोझे गासे', म्हणजे आनंद हरपलेली गल्ली. पहिल्या महायुद्धानंतर चलनाचे मोल मातीला मिळालेले व्हिएन्ना शहर. खाटकाच्या दारापुढे रात्रभर मांसासाठी तिष्ठत उभ्या असलेल्या बायकांची रांग. आणि त्याच गल्लीत फ्राउ ग्रायफर नावाच्या बाईचे कपड्यांचे दुकान, ज्याच्या मागच्या अंगाला दुसराच व्यापार चालतो. ग्रेटा गार्बो हिने रंगविलेली सरकारी अधिकाऱ्याची दरिद्री मुलगी त्या दुकानात येते आणि तिच्या अंगावर लोकरी कातड्याचा एक उंची कोट चढविला जातो. या प्रसंगात जगाने गार्बोकडे पाहिले, आणि ते योग्यच झाले. परंतु आपण एकदा कोट चढविणाऱ्या गेर्टबाईंकडे पाहावे. त्यांच्या बोलण्याला अजीजीचा मुलामा आहे, हातांत आईची माया आहे, आणि डोळे मात्र समोरच्या मुलीची किंमत करीत आहेत. पैसे आत्ता नकोत, सवडीने द्या, हे त्या ओठांवरचे हसू सांगते; आणि ते पैसे कोणत्या नाण्यात वसूल होणार हे त्याच हसण्याचा दुसरा कोपरा सांगतो. सावकारी पाशाची इतकी नेमकी आकृती मी पडद्यावर क्वचितच पाहिली आहे.

दुसरा चित्रपट 1929 चा, एका वाट चुकलेल्या मुलीच्या रोजनिशीवरचा. लुईस ब्रुक्स ही त्याची नायिका. घरातून काढून टाकलेल्या मुलींना सुधारण्यासाठी ठेवलेल्या आश्रमाच्या अधीक्षकाची बायको गेर्टबाईंनी उभी केली आहे. लांब मेजाभोवती एकसारख्या पोशाखात बसलेल्या मुली, पुढ्यात सूपाच्या थाळ्या, आणि मेजाच्या टोकाशी ठेका धरणारी ही बाई. एका ठेक्याला सगळे चमचे खाली जातात, दुसऱ्याला तोंडाशी येतात. पुढे मुलींच्या कवायतीच्या वेळी ठेका द्रुत होत जातो तसतसा बाईंच्या चेहऱ्यावर एक विलक्षण कैफ चढत जातो. शिस्त लावण्यात कर्तव्याचे समाधान किती आणि दुसऱ्याचा देह आपल्या मुठीत असल्याची वासना किती, याचा निवाडा त्या चेहऱ्याने एका क्षणात करून टाकला आहे. चार वर्षांनी त्या देशात काय होणार होते हे पाब्स्टला किंवा गेर्टबाईंना ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु त्या राजवटीचा जो मनोधर्म, तो या दृश्यात आधीच नोंदलेला आहे असे मला वाटते.

तिसरा चित्रपट 1931 चा, ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'वर आधारलेला. तो बोलपट होता. त्यात भिकाऱ्यांचा धंदा चालविणाऱ्या पीचमची बायको गेर्टबाईंनी केली, आणि तिची मुलगी पॉली झाली कारोला नेहर. पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा'च्या रूपाने हे नाटक मराठीत आणले, त्यामुळे या आई-मुलीची आपल्या प्रेक्षकांना निराळी ओळख करून द्यायला नको. त्या पडद्यावरच्या मायलेकींचे पुढे काय झाले ते मात्र सांगितले पाहिजे. कारोला नेहर नाझी सत्तेपासून जीव वाचवून सोव्हिएत रशियात गेली. तिथे 1936 मध्ये तिला अटक झाली आणि 1942 मध्ये सोल-इलेत्स्कच्या तुरुंगात टायफसने तिचा अंत झाला. मुलगी पूर्वेला गेली आणि मेली, आई पश्चिमेला गेली आणि जगली. दोघींपैकी कोणाची दिशा बरोबर हे निघण्याच्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते.

जानेवारी 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. मार्चच्या 28 तारखेला गोबेल्सने चित्रपटव्यवसायातल्या मंडळींपुढे भाषण करून नव्या राजवटीचा इरादा स्पष्ट केला, आणि दुसऱ्याच दिवशी 'उफा' या सर्वांत मोठ्या चित्रपटसंस्थेच्या संचालकांनी आपल्या ज्यू नोकरांना दूर करण्याचा ठराव मंजूर केला. फर्मान निघण्याची वाटदेखील त्यांनी पाहिली नाही. त्याच वर्षी चित्रपट, नाट्य, संगीत अशा प्रत्येक व्यवसायासाठी सरकारी मंडळे स्थापन झाली आणि त्यांच्या दप्तरात नाव दाखल असल्यावाचून काम करण्याची मनाई झाली. गेर्टबाई त्या वेळी 41 वर्षांच्या होत्या. ज्यू जन्म, डाव्या विचारांच्या मंडळींशी स्नेह, सोव्हिएत रशियाचा प्रवास, आयझेनश्टाइन यांच्याशी मैत्री, आणि ज्या नृत्यांनी सभ्य घरांचे पडदे बाजूला सारले ती नृत्ये: यांपैकी एकेक कारणही बहिष्काराला पुरेसे होते. बर्लिनचा रंगमंच त्यांना बंद झाला.

इथे त्याच चित्रपटांतल्या आणखी काही माणसांची गणती केली पाहिजे, कारण एका चित्रपटाच्या नामावळीवरून एका पिढीची वाताहत जितकी स्पष्ट दिसते तितकी ती ग्रंथांतून दिसत नाही. 'डी फ्रॉयडलोझे गासे' ज्याच्या कादंबरीवरून निघाला तो हुगो बेटाउअर, चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, मार्च 1925 मध्ये एका नाझी पंथाच्या तरुणाच्या गोळीला बळी पडला. गार्बो आधीच अमेरिकेला गेली होती. आस्टा नीलसन डेन्मार्कला परतल्या. खाटकाची भूमिका करणारा थोर नट व्हेर्नर क्राउस जर्मनीतच राहिला आणि 1940 मध्ये 'ज्यू ज्यूस' या विषारी प्रचारपटात त्याने एकाहून अधिक ज्यू पात्रे रंगविली. रोजनिशीच्या चित्रपटात गेर्टबाईंबरोबर असलेला कुर्ट गेरोन आधी फ्रान्स व मग हॉलंडपर्यंत पोहोचला. परंतु जर्मन सैन्य तिथेही आले, त्याला टेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले, छावणीचे गोडवे गाणारा चित्रपट त्याच्याकडूनच करवून घेण्यात आला आणि 1944 च्या ऑक्टोबरात ऑशविट्झमध्ये त्याला ठार मारण्यात आले. आणि खुद्द पाब्स्ट फ्रान्स, अमेरिका असे फिरून, युद्ध सुरू झाले त्या वर्षी मायभूमीत परतला आणि नाझी राजवटीत चित्रपट करू लागला. त्याच्या या परतण्याचा विचार माझ्या मनातून कधीच पुरता सरत नाही. इतकी स्वच्छ दृष्टी असलेला कलावंत स्वतःच्या बाबतीत इतका कसा चुकला?

आता एक माणूस राहिला, आणि तो आपल्या मुंबईत आला होता. 'डी फ्रॉयडलोझे गासे'ची पटकथा लिहिणारा व्हिली हास हा प्राग शहरात जन्मलेला ज्यू लेखक, बर्लिनमधल्या एका नामांकित वाङ्मयीन साप्ताहिकाचा संपादक. 1933 मध्ये तो प्रागला परतला आणि 1939 मध्ये तिथूनही निसटून मुंबईला पोहोचला. वाल्टर काउफमान हा संगीतकार त्याच्या आधीपासून मुंबईत होता. आकाशवाणीच्या प्रसारणापूर्वी वाजणारी ती सर्वपरिचित धून ज्याच्या नावाशी जोडली जाते तोच हा काउफमान. हास याने मोहन भवनानी यांच्या चित्रसंस्थेसाठी कथा-पटकथा लिहिल्या. विशेष हे की, त्याच सुमारास मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन दिग्दर्शक काम करीत होता, आणि तो नाझी पक्षाचा सभासद होता. 1939 मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेत घातले. पीडक पक्षाचा सभासद आणि पीडित निर्वासित हे दोघेही एकाच शहरात, एकाच धंद्यात असावेत, हा प्रसंग आपल्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासकारांनी अधिक तपशिलाने लिहायला हवा.

गेर्टबाईंकडे परत येतो. लंडन आणि पॅरिस येथे त्यांनी कार्यक्रम केले. 1934 मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याच्या चित्रशाखेसाठी कावालकान्ती यांनी केलेल्या 'पेट अँड पॉट' या दूरध्वनीच्या प्रचारार्थ काढलेल्या लघुपटात त्यांनी पुन्हा मोलकरीणच केली. 1936 मध्ये रॉबिन हे अँडरसन या इंग्रज गृहस्थाशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले. त्या वर्षांत कागदाचा एक तुकडा माणसाच्या प्राणांपेक्षा मोलाचा झाला होता. कोणत्या दूतावासाची मोहोर, कोणता दाखला, कोणाची हमी, यांवर जगणे-मरणे ठरत होते. गेर्टबाईंच्या हाती तो तुकडा होता. त्यांना काय गमवावे लागले याविषयी बोलताना हे विसरणे न्यायाचे होणार नाही.

युद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्या अमेरिकेत पोहोचल्या. हॉलिवूडमध्ये त्यांच्यासाठी जागा निघाली नाही. तिथे गेलेल्या जर्मन नटांपैकी पुष्कळांना जर्मन उच्चाराचे नाझी अधिकारी होऊन पोट भरावे लागले, हे दुर्दैव प्रसिद्धच आहे. पण एका पन्नाशीकडे झुकलेल्या, रूपवती नसलेल्या आणि कोणाच्याही आज्ञेत न राहणाऱ्या स्त्रीसाठी तेवढेही नव्हते. त्यांनी हॉटेलात भांडी घासली. चित्रकारांपुढे नग्न बसण्याचे काम केले. ज्या देहाने बर्लिनला हादरविले होते तो देह आता ताशी मोलाने विकत घेतला जात होता. त्यांच्या आत्मवृत्तात या दिवसांविषयी कुठेही रडगाणे नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

आणि इथेच माझ्या प्रश्नाचे उत्तर मला सापडते. न्यूयॉर्कमध्ये त्यांचा चेहरा तोच होता, हातपाय तेच होते, नृत्येही तीच करता येत होती. परंतु कुंटिणीचे नृत्य पाहून बर्लिनचा प्रेक्षक चपापत असे तो अशासाठी की ती कुंटीण त्याच्या ओळखीची होती. तिच्या दुकानावरून तो रोज जात होता, कदाचित आतही जात होता. विडंबनाला विडंबित वस्तू शेजारी असावी लागते. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला एका विक्षिप्त परदेशी बाईचे काही चमत्कारिक हावभाव तेवढे दिसत. मूकपट सीमा ओलांडतो तो कथेच्या आणि करुणेच्या बळावर. पण शहराच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्याची कला त्या शहराच्या वेशीपाशीच थांबते. बाईंचा मुलूख गेला त्याहून बाईंचा प्रेक्षक गेला, ही हानी मोठी होती.

मग या बाईंनी जे केले ते मला त्यांच्या कोणत्याही नृत्याइतकेच मोलाचे वाटते. प्रेक्षक मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रेक्षक बसविण्याची खोली तयार केली. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात मॉर्टन स्ट्रीटवरच्या एका तळघरात, युद्धाच्या ऐन धामधुमीत, त्यांनी 'बेगर बार' उघडला. कुठून कुठून गोळा केलेल्या, एकीला दुसरीची जोड नाही अशा खुर्च्या, मोडकीतोडकी मेजे, मेणबत्त्यांचा उजेड, आणि पेये आणून देणारी माणसेच मधूनमधून उठून गाणारी, नाचणारी, कविता म्हणणारी. नाटककार व्हेडेकिंड यांची कन्या काडिद्या तिथे कार्यक्रम करी. पुढे ज्यांच्या 'लिव्हिंग थिएटर'ने अमेरिकन रंगभूमीला नवे वळण दिले त्या ज्युडिथ मलीना आणि ज्युलियन बेक यांनी तिथे काम केले. टेनेसी विल्यम्स हा तेव्हा अप्रसिद्ध असलेला नाटककारही काही दिवस तिथे वाढपी होता. गिऱ्हाइकांनी दिलेली बक्षिशी सर्वांनी एकत्र करून वाटून घ्यावी असा बाईंचा आग्रह, आणि आपली कमाई आपल्याकडेच राहावी असा त्याचा. त्यावरून बिनसले असे सांगतात. निर्वासितांच्या इतिहासात मोठमोठ्या समित्यांची आणि निधींची नावे येतात, ती यावीतच. पण पाच-दहा मेजांच्या या तळघराला मी त्यांच्याच पंक्तीला बसवीन. तिथे बाई मालकीण होत्या, सूत्रधार होत्या, नटीही होत्या. आणि समोर पुन्हा काही माणसे इतकी जवळ बसलेली होती की त्यांचा श्वास ऐकू यावा.

1945 मध्ये तो बार बंद झाला. समुद्रकाठच्या प्रॉव्हिन्सटाऊन गावी त्यांनी तसाच दुसरा प्रयोग केला, आणि 1947 मध्ये त्या युरोपला परतल्या. आधी पॅरिस, मग झुरिक, जिथे पुन्हा एक छोटी कलाखानावळ, आणि 1949 मध्ये बर्लिन.

परदेशवासाच्या कथा इथे संपविण्याची आपल्याला सवय आहे. शत्रूचा पराभव झाला, कलावंत घरी आला, आता उरले ते सत्कार. गेर्टबाईंच्या बाबतीत तसे घडले नाही आणि त्यांच्यासारख्या बहुतेकांच्या बाबतीतही घडले नाही. अर्धे बर्लिन ढिगाऱ्याखाली होते, उरलेले चार सत्तांनी वाटून घेतले होते. तरी इमारती गेल्या याचे फारसे नवल नाही; त्यांचा प्रेक्षक गेला होता. जो ज्यू होता तो मारला गेला होता किंवा परागंदा झाला होता. जो उरला होता त्याला मागचे काही आठवायचे नव्हते. 1950 मध्ये बाईंनी तिथे 'हेक्सनक्यूखे', म्हणजे चेटकिणीचे स्वयंपाकघर, या नावाची खोली उघडली. तरुण क्लाउस किन्स्की तिथे कविता म्हणत असे. आणि त्या खोलीत त्यांनी बुखेनवाल्ड छावणीच्या कमांडंटची क्रूर बायको इल्झे कोख रंगविली. तेव्हा ती बाई जिवंत होती, तिच्यावर खटले चालू होते, आणि प्रेक्षकांत कोण कुठल्या गणवेशात त्या छावण्यांच्या आसपास वावरले होते हे कोणी कोणाला विचारीत नव्हते.

1929 मध्ये मुलींच्या आश्रमाच्या अधीक्षकाची बायको आणि वीस वर्षांनी छावणीच्या अधिकाऱ्याची बायको, या दोन भूमिका शेजारीशेजारी ठेवून पाहा. पहिलीत जे बीजरूपाने होते त्याचेच फळ दुसरीत होते, आणि दोन्ही एकाच नटीने दाखविले. पहिल्या वेळी प्रेक्षक अस्वस्थ होऊनही येत राहिला. दुसऱ्या वेळी तो येईनासा झाला. युद्धोत्तर जर्मनीला हलकीफुलकी गाणी आणि डोंगरदऱ्यांतली प्रेमकथा हवी होती. ज्या देशाने एकदा कायद्याने हद्दपार केले त्यानेच दुसऱ्यांदा, कोणताही हुकूम न काढता, केवळ पाठ फिरवून हद्दपार केले, असे मी म्हणतो ते त्वेषाने नाही. त्या काळात परत आलेल्या कितीतरी लेखक-नटांच्या कागदपत्रांतून हीच व्यथा मला भेटली आहे.

बाई पुन्हा उठल्या. उत्तर समुद्रातल्या झ्युल्ट बेटावर काम्पेन गावी त्यांनी 'त्सीगेनश्टाल', म्हणजे शेळ्यांचा गोठा, या नावाचे एक लहानसे मद्यगृह सुरू केले आणि उरलेले आयुष्य त्याच्याच आधाराने काढले. धनिकांचे ते विहारस्थान. उन्हाळ्यात गर्दी, हिवाळ्यात वारा. त्यांची आत्मचरित्रपर पुस्तके चार. पहिले 1931 मध्ये, दुसरे न्यूयॉर्कच्या बारविषयी 1950 मध्ये, आणि नंतरची दोन या बेटावरच्या काळात, 1968 आणि 1973 मध्ये. त्यांतले 1968 चे पुस्तक वाचताना त्यांचे गद्य किती आखूड वाक्यांचे आणि निर्भीड आहे हे जाणवते. नृत्यात जशी त्यांनी अलंकारांची हकालपट्टी केली तशीच लेखणीतही.

चित्रपटाला त्यांची आठवण उशिरा झाली. 1965 मध्ये फेडेरिको फेलिनी यांनी 'जूलिएट ऑफ द स्पिरिट्स'मध्ये त्यांना पौर्वात्य थाटाच्या, धड पुरुष ना धड स्त्री अशा एका भविष्यवेत्त्याची भूमिका दिली; अंथरुणात पडून थरथरत्या आवाजात उपदेश करणारी ती आकृती एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. 1970 मध्ये जर्मन चित्रपटसेवेबद्दल त्यांना सन्मान मिळाला. 1976 मध्ये फोल्कर श्लोनडोर्फ यांनी 'डेर फांगशुस'मध्ये त्यांना घेतले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर एक अनुबोधपट केला. त्यात ऐंशी ओलांडलेल्या गेर्टबाई कॅमेऱ्यासमोर जुन्या नृत्यांचे तुकडे करून दाखवितात. डोळ्यांभोवती काजळाची जाड कडा, ओठ लालभडक, आवाज घोगरा; आणि तान्ह्या मुलाचे रडणे सुरू झाले की त्या सुरकुत्यांच्या जाळ्यातून खरोखरच एक अर्भक बाहेर येते. त्या काळच्या बंडखोर तरुणांना त्या आपल्या वाटू लागल्या होत्या, ते यामुळेच.

मार्च 1978 मध्ये व्हेर्नर हेर्झोग यांच्या 'नोस्फेराटू' या चित्रपटासाठी त्यांचा करार झाला. त्याच महिन्याच्या 18 तारखेला, चार दिवस बाई कोणाला दिसल्या नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी पोलिसांच्या समक्ष काम्पेनच्या घराचे दार फोडले, तेव्हा त्या आत मरण पावलेल्या आढळल्या. वय 86. त्यांची भूमिका पुढे रोलां तोपोर यांनी केली. बाईंचे दफन बर्लिनला झाले.

त्यांच्या ऐन उमेदीतल्या नृत्यांचे थोडेसेच चित्रण उरले आहे. ते 1925 मध्ये बर्लिनच्या झूझे ब्यूक या छायाचित्रकार बाईंनी केले. आणि त्यांनाही 1938 मध्ये आपला स्टुडिओ विकून देश सोडावा लागला. चित्रित करणारी आणि चित्रित झालेली दोघीही परागंदा झाल्या, चित्रफीत तेवढी राहिली.

शेवटी, या सभागृहात मुंबई-पुण्याच्या चित्रपटमंडळांचे काही चालक बसलेले मला दिसत आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. पाब्स्टचे मूकपट आपल्याकडे अधूनमधून दाखविले जातात, आणि त्यांवर जे बोलले व लिहिले जाते ते गार्बोविषयी आणि लुईस ब्रुक्सविषयी. पुढच्या खेपेला 'डी फ्रॉयडलोझे गासे' आणि रोजनिशीचा चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी लावावेत, त्यांना ब्यूकबाईंचे ते चित्रण आणि श्लोनडोर्फचा अनुबोधपट यांची जोड द्यावी, आणि पडदा उघडण्यापूर्वी व्हिली हास हा आपल्या मुंबईत राहून गेला होता हेही प्रेक्षकांना सांगावे. ज्या प्रसंगात नायिका खाली मान घालून उभी असेल, त्या प्रसंगात तिच्या शेजारच्या बाईकडे पाहावे. या खेळांचे परवाने, प्रती आणि खर्चवेच यांची तजवीज करण्यात माझा हातभार लागत असेल तर तो मी आनंदाने लावीन.